४० ग्रे, आणि त्यातले हृदयाला किती?

स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घ्यायचं ठरलं तेव्हा ज्याला कळलं त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, मशीन कोणतं आहे. दुसरा प्रश्न, किती दिवस. डोस किती आणि तो नेमका कुठे कुठे जाणार हे कुणीच विचारलं नाही. पण माझं काम हिशेबाचं, कागदावर आकडा दिसला की तो आला कुठून हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि डॉक्टरांनी तर फाईलवर लिहिलेलं, ४० ग्रे, १५ फ्रॅक्शन, डावी बाजू, डीआयबीएच, नंतर बूस्ट. बास, एवढंच. ही एक ओळ मला पूर्ण कळली पाहिजे असं मनात घेतलं आणि मग डॉक्टर, फिजिसिस्ट (डोसचा हिशेब मांडणारा), टेक्निशियन, जो सापडेल त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. बहुतेकांनी न वैतागता सांगितलं, एक-दोघं वैतागले, चालायचंच.

माझी केस थोडक्यात सांगते. डाव्या स्तनात गाठ, लवकर सापडली, ऑपरेशनमध्ये पूर्ण स्तन न काढता गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढला. मार्जिन म्हणजे काढलेल्या भागाची कड क्लिअर, काखेतले नोड्स म्हणजे लसिका ग्रंथी क्लिअर. मग सगळं क्लिअर आहे तर रेडिएशन कशाला, हा माझा पहिला प्रश्न, आणि मला वाटतं तो सगळ्यांच्याच मनात येतो. डॉक्टर म्हणाले, क्लिअर म्हणजे मायक्रोस्कोपखाली जेवढं तपासलं तेवढं क्लिअर, उरलेल्या स्तनात चार पेशी कुठे दडून बसल्यात का ते कुणालाच दिसत नाही. मग त्यांनी आकडे सांगितले. २०११ साली १७ ट्रायल्सचा एकत्र हिशेब मांडून एक मोठा अभ्यास आला होता, दहा हजारांच्या वर बायका, सगळ्यांचं असंच स्तन वाचवून ऑपरेशन झालेलं. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये दहा वर्षांत आजार परत आला ३५ टक्के जणींना, घेतलेल्यांमध्ये १९ टक्के. आणि १५ वर्षांत या आजाराने जाणाऱ्यांचं प्रमाण २५ वरून २१ टक्क्यांवर आलं. ते म्हणाले हे आकडे जुन्या काळातल्या बायकांचे आहेत, आता औषधं सुधारलीत त्यामुळे मूळ धोकाच याच्यापेक्षा कमी असतो, पण रेडिएशनने तो साधारण निम्म्यावर येतो ही गोष्ट अजून तशीच आहे. पटलं.

आता ग्रे. हे युनिट लुई हॅरल्ड ग्रे नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून आलंय आणि व्याख्या अगदी सोपी आहे, एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की झाला एक ग्रे. जुने डॉक्टर रॅड म्हणायचे, १०० रॅड म्हणजे एक ग्रे, त्यामुळे जुन्या फायलींवर ४०००, ५००० असे भयंकर आकडे दिसतात ते बघून घाबरू नका. मी हे वाचलं आणि लगेच कॅल्क्युलेटर काढला. ४० ग्रे म्हणजे किलोला ४० ज्यूल, आणि एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागतात ४२०० च्या आसपास ज्यूल. म्हणजे माझा सगळा कोर्स एका दमात दिला तरी पाणी तापणार एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकं! मला वाटलं मी कुठेतरी शून्य चुकवलं. फिजिसिस्टला विचारलं तर तो हसला, म्हणाला बरोबर आहे, उष्णतेचा यात काही संबंधच नाही. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये एकेरी तुटी होतात हजारभर आणि दोन्ही धागे तुटायच्या जागा होतात चाळीसेक, एकेरी तुटी पेशी आरामात जोडते, दुहेरी तुटी जोडताना गडबड होते आणि तिथे पेशी मरते, लगेच मरते असंही नाही, पुढच्या वेळी दोन पेशी व्हायला गेली की मरते. म्हणून रेडिएशनचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, नंतर आठवड्यांनी दिसतो. आणि याच कारणाने डोसचा आकडा कुठल्या भागावर आहे ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही. संपूर्ण शरीरावर एकदम ४ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर साधारण निम्मी माणसं दगावतात. मला त्याच्या दहापट मिळणार होते, पण फक्त स्तनावर आणि तुकड्या तुकड्याने.

तुकड्यांची गोष्ट तर मजेशीर आहे. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले होते, मेंढ्याची प्रजननक्षमता घालवायची होती. एकदम मोठा डोस दिला तर वरची कातडी जळायची, तोच थोडा थोडा करून काही दिवसांत दिला तर कातडी वाचायची आणि काम व्हायचं. वृषणातल्या पेशी भराभर वाढणाऱ्या, म्हणजे एका अर्थाने ट्यूमरचा नमुना. तिथून हा फ्रॅक्शनचा, म्हणजे डोस भागांत वाटून द्यायचा मार्ग निघाला. दोन डोसच्या मधल्या वेळात चांगल्या पेशी दुरुस्ती करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तेवढं जमत नाही.

पण मग १५ च का? वेटिंग एरियात शेजारी बसणाऱ्या बायकांमध्ये हाच विषय असायचा, तुमच्या किती लाईट (रेडिएशनच्या एका वेळेला सगळ्या लाईट म्हणतात) झाल्या, माझ्या इतक्या झाल्या. एक मावशी होत्या, त्यांच्या बहिणीला पूर्वी २५ दिल्या होत्या, त्यांनी मला ऐकवलं की तुला कमी देतायत म्हणजे काहीतरी काटकसर चाललीय. ते ऐकून मला रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी सरळ डॉक्टरांकडे. त्यांनी सांगितलं ते असं, की कित्येक वर्षं सगळ्या जगात ५० ग्रे २५ भागांत देत होते, रोज २ ग्रे. कारण असा समज होता की ट्यूमरला रोजचा डोस छोटा असो की मोठा, फारसा फरक पडत नाही, पण चांगल्या टिश्यूला मोठा डोस जास्त बाधतो, म्हणून छोटे छोटे द्या. पुढे लक्षात आलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी या बाबतीत चांगल्या टिश्यूसारख्याच वागतात, त्यांनाही रोजचा डोस थोडा मोठा असला की जास्त बाधतो. असं असेल तर एकूण डोस उतरवून, रोजचा थोडा वाढवून, कमी दिवसांत तोच परिणाम मिळायला हवा. ब्रिटनमध्ये स्टार्ट नावाच्या ट्रायल्सनी हेच तपासलं, ४० ग्रे १५ भागांत म्हणजे रोज २.६७, आणि २०१३ ला दहा वर्षांचे निकाल आले, त्या जागी किंवा आसपास आजार परत आल्याचं प्रमाण ५० ग्रेवाल्यांमध्ये ५.५ टक्के, ४० वाल्यांमध्ये ४.३. म्हणजे कमी पडायचं सोडा, त्वचेचे वगैरे त्रासही कमीच होते. कॅनडात ४२.५ ग्रे १६ भागांत देऊन असंच दिसलं. आणि २०२० ला तर फास्ट फॉरवर्डचे पाच वर्षांचे निकाल आले, २६ ग्रे फक्त ५ भागांत, एका आठवड्यात विषय संपला. मला ५ का नाहीत असंही मी विचारलं, हो विचारलंच. मला बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेवर जादा डोस, पण द्यायचा होता आणि त्यांच्या युनिटला १५ चा जास्त वर्षांचा अनुभव आहे असं उत्तर मिळालं, मला ते प्रामाणिक वाटलं. मावशींना मी हे सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, तरी पण २५ च बऱ्या!

आता डीआयबीएच, डीप इन्स्पिरेशन ब्रेथ होल्ड, म्हणजे खोल श्वास घेऊन धरून ठेवायचा आणि तेवढ्या वेळातच किरण सोडायचे. उजव्या बाजूवाल्यांना सहसा याची गरज पडत नाही, डावीकडे हृदय असतं म्हणून ही कसरत. श्वास भरला की फुफ्फुस फुगतं, आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं, मध्ये हवेची जागा तयार होते. किरण छातीला घासून तिरके जातात ना, मग तेवढ्या अंतराने हृदय त्यांच्या वाटेतून बाजूला होतं. इतकी साधी गोष्ट, कुठलं औषध नाही काही नाही, फक्त श्वास.

सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचाराआधी स्कॅन आणि मापं घेण्याच्या दिवशी याची रंगीत तालीम झाली. एका उतरत्या बोर्डवर झोपवलं, दोन्ही हात डोक्याच्या वर खाचांमध्ये. इथे एक महत्त्वाचं, ऑपरेशननंतर खांदा आखडतो आणि हात वर जात नाही, त्यामुळे फिजिओथेरपीचे व्यायाम आळस न करता करा, नाहीतर स्कॅनच पुढे ढकलावा लागतो, माझ्या समोर एकीचा ढकलला. टाक्यांच्या जागेवर पातळ वायर चिकटवली म्हणजे स्कॅनमध्ये ती जागा दिसावी, छातीवर आणि दोन्ही बाजूंना सुईने शाईचे ठिपके दिले, तीळ वाटावा एवढे, ते कायमचे राहतात. मग दोन सीटी स्कॅन, एक नेहमीच्या श्वासात आणि एक श्वास धरून. श्वास धरायचा म्हणजे साधारण वीस सेकंद, ऐकायला काहीच नाही पण हात वर, मान एका बाजूला, गार खोली आणि उघडी छाती अशा अवस्थेत ते वीस सेकंद बरेच लांब वाटतात. टेक्निशियन मुलगी फार गोड होती, ती म्हणाली, ताई, पोट फुगवू नका, छाती वर येऊ द्या, आणि पाठ बोर्डवरून उचलायची नाही. हे पाठीचं खरंच अवघड आहे. मोठा श्वास घ्या म्हटलं की आपण नकळत पाठीची कमान करतो, मग छाती वर आलेली दिसते पण आतलं हृदय काही सरकलेलं नसतं, म्हणजे मेहनत करून फायदा शून्य. घरी येऊन मी जमिनीवर झोपून पाठ टेकवून सराव करत होते, घड्याळ लावून.

स्कॅननंतर मध्ये बरेच दिवस काहीच होत नाही आणि तेव्हा वाटतं की हे लोक आपल्याला विसरले. विसरलेले नसतात. डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक चकतीवर हाताने रेषा काढतात, हा स्तन, हे हृदय, ही हृदयाच्या पुढच्या बाजूची रक्तवाहिनी, हे फुफ्फुस. मग फिजिसिस्ट कॉम्प्युटरवर किरणांचे कोन, आकार, कुठल्या किरणाचा वाटा किती हे ठरवत प्लॅन बनवतो, डॉक्टर तो बघून परत पाठवतात की इथून कमी करा, असं दोन-तीनदा होतं, मग दुसरा कुणीतरी स्वतंत्रपणे हिशेब तपासतो. मी विनंती केली की मला माझा प्लॅन बघायचाय. पेशंट असं मागत नाहीत बहुतेक, फिजिसिस्ट जरा चकित झाला पण दाखवला.

ही पंधरा मिनिटं मला संपूर्ण ट्रीटमेंटमधली सगळ्यात मोलाची वाटली. स्क्रीनवर माझा छेद, त्यावर रंगीत रेषा. ठरलेल्या डोसच्या ९५ टक्क्यांची रेषा स्तनाला लपेटून गेलेली, १०७ टक्क्यांच्या वरचा भाग जवळजवळ नाहीच, तो बारीक ठिपका असावा असा त्यांचा प्रयत्न असतो. मग त्याने दोन्ही स्कॅनवरचे प्लॅन शेजारी शेजारी लावले. नेहमीच्या श्वासात हृदयाचा एक कोपरा किरणांच्या पट्ट्यात शिरलेला दिसत होता, श्वास धरलेल्यात तो पूर्ण बाहेर. हृदयाचा सरासरी डोस पहिल्यात ३ ग्रेच्या जवळ, दुसऱ्यात १ च्या थोडा वर. मग मी विचारलं या दोन ग्रेच्या फरकाचं एवढं काय, तर त्याने २०१३ चा एक अभ्यास सांगितला, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या दोन हजारांवर बायका, १९५८ ते २००१ या काळात रेडिएशन घेतलेल्या. त्यात निघालं की हृदयाच्या सरासरी डोसमध्ये एक ग्रे वाढला की हार्ट अ‍ॅटॅकसारख्या मोठ्या घटनेचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, अमुक डोसच्या खाली धोका नाही अशी कुठलीही सुरक्षित पायरी सापडली नाही, आणि हा परिणाम वीस-पंचवीस वर्षांनीसुद्धा दिसत राहतो. यात एक गोष्ट नीट समजून घ्या, हे ७.४ टक्के मूळ धोक्याचे आहेत. मूळ धोका शंभरात ४ असेल तर एका ग्रेने तो ४.३ होईल, ११.४ नाही. माझ्यासारख्या माणसाला हे शेवटचं वाक्य आधी सांगायला हवं, कारण अर्धा मिनिट माझाच श्वास थांबला होता.

मग अर्थातच मशीनचा विषय. घरातल्या एका सुशिक्षित नातेवाईकाने मला बजावून ठेवलेलं की लेटेस्ट टेक्नॉलॉजी माग, व्हीमॅट माग, जमलं तर प्रोटॉन बघ. मी यादीच घेऊन गेले होते. फिजिसिस्टने माझ्याच स्कॅनवर केलेला एक व्हीमॅटचा प्लॅन उघडून दाखवला, त्यांनी तुलनेसाठी करून ठेवला होता. व्हीमॅटमध्ये मशीनचं डोकं भोवती फिरत फिरत किरण सोडतं, त्यामुळे जास्त डोसचा भाग अगदी कातरून काढल्यासारखा आकाराला बसतो, पण सगळीकडून येणारे किरण कुठून तरी आत शिरणार आणि कुठून तरी बाहेर पडणार, म्हणून कमी डोसचा पसारा मोठा होतो. माझ्या दुसऱ्या स्तनावर, उजव्या फुफ्फुसावर फिकट निळा रंग पसरलेला होता, जो साध्या तिरक्या दोन किरणांच्या प्लॅनमध्ये नव्हताच. घशाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरला व्हीमॅटचा फायदा मोठा आहे कारण तिथे नाजूक अवयव ट्यूमरला सगळ्या बाजूंनी खेटून असतात. नोड्स घ्यायचे असतील, छातीचा आकार अवघड असेल तर स्तनासाठीही वापरतात. पण माझ्या केसला जुनी तिरकी पद्धत, आत छोटे छोटे जादा तुकडे घालून डोस एकसारखा केलेला, वर श्वास धरणं, हेच बरं होतं. प्रोटॉनचंही तसंच, प्रोटॉन ठराविक खोलीला जाऊन थांबतात, पलीकडे डोस जवळपास जातच नाही, फार भारी गोष्ट आहे, पण हृदय आधीच १ ग्रेवर आलं असेल तर अजून खाली आणून मिळणार किती? तेव्हापासून कुणी मशीनचं नाव विचारलं की मी उलटा प्रश्न विचारते, प्लॅनवर हृदयाचा आकडा किती आहे. लोक गप्प होतात.

मशीनबद्दल मात्र एक गोष्ट ऐकून मला हायसं वाटलं. माझं मशीन लिनिअर अ‍ॅक्सलरेटर, म्हणजे लिनॅक, त्यात किरणोत्सर्गी पदार्थ काहीच नसतो. कोबाल्ट मशीनमध्ये असतो, १९५१ मध्ये कॅनडात ती सुरू झाली आणि कित्येक दशकं जगभर त्यांनीच काम केलं, पण कोबाल्ट साडेपाच वर्षांच्या आतच निम्मा होतो, म्हणून जुन्या कोबाल्टवर पेशंटला जास्त वेळ झोपावं लागतं. लिनॅकमध्ये मायक्रोवेव्हच्या जोरावर इलेक्ट्रॉन पळवतात, ते टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात आणि एक्सरे निघतात. बटण बंद की किरण बंद. त्यामुळे घरी येऊन लहान मुलाला जवळ घेतलं तर काय, वेगळं झोपायचं का, कपडे वेगळे धुवायचे का, यातलं काहीही करायची गरज नाही, बाहेरून घेतलेल्या या रेडिएशनने आपण किरणोत्सर्गी होत नाही. आयोडीनची ट्रीटमेंट घेतली किंवा शरीरात किरणोत्सर्गी सोर्स ठेवला तर नियम वेगळे, दोन्हीची गल्लत होते म्हणून सांगितलं.

रोजचा कार्यक्रम असा. कपडे बदला, नाव आणि जन्मतारीख सांगा, रोज, ओळख झाली तरी रोज. जाड भिंतींच्या खोलीत टेबलावर झोपा, टेक्निशियन लेझरच्या रेषा आपल्या ठिपक्यांवर जुळवतात, टेबल इकडे तिकडे मिलिमीटरने सरकतं, आपण मदत म्हणून स्वतः हलायचं नाही, ते सारखं सांगतात, ताई तुम्ही सैल पडून राहा आम्ही हलवतो. छतावरचे कॅमेरे छातीवर प्रकाश टाकून कातडीचा आकार वाचतात, आणि समोरच्या स्क्रीनवर एक पट्टी वर-खाली होते, श्वास घेतला की वर जाते, हिरव्या चौकटीत आली की धरून ठेवायची. मग सगळे बाहेर जातात, दार बंद, आणि स्पीकरवरून आवाज येतो, श्वास घ्या, अजून थोडा, बास, धरून ठेवा. बझर वाजतो, गुणगुण येते, काहीही जाणवत नाही, ना गरम ना टोचणं. सोडा. मशीन फिरतं, दुसरी बाजू. किरणांचा वेळ एकूण बघितला तर अगदी थोडा, बाकी सगळा वेळ नीट झोपवण्यात जातो.

एकदा मला मध्येच खोकला आला. पट्टी चौकटीबाहेर, गुणगुण बंद. मी घाबरले की आता अर्धाच डोस मिळाला, उरलेल्याचं काय, की परत पहिल्यापासून देतील आणि दीडपट होईल. बाहेर आल्यावर टेक्निशियनने समजावलं, श्वास चौकटीबाहेर गेला की मशीन स्वतःच किरण रोखतं, आणि त्याच्या डोक्यात दोन वेगवेगळे आयन चेंबर बसवलेले असतात ते निघालेला प्रत्येक कण मोजत असतात असं समजा, एक चुकला तर दुसरा पकडतो. जिथे थांबलं तिथूनच पुढे मोजणी सुरू. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीनचा डोस तपासतात, ३ टक्क्यांच्या पलीकडे गेला तर शोध घेतल्याशिवाय पेशंट घेत नाहीत.

हे कळायच्या आधी मी नेटवर थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनची हकीकत वाचून बसले होते, म्हणजे रात्री अकराला जे वाचू नये ते. १९८५ ते ८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात या मशीनने सहा पेशंटना प्रचंड ओव्हरडोस दिला, काहींना ठरलेल्याच्या शंभरपटीच्या आसपास, काही दगावले. जुन्या मॉडेलमध्ये धोक्याच्या वेळी मशीन अडवणारी प्रत्यक्ष यंत्रणा होती, या मॉडेलमध्ये ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष होते, ऑपरेटरने भराभर एंट्री बदलली की गोंधळ व्हायचा. फिजिसिस्टला मी हे घाबरत घाबरत विचारलं, तर तो म्हणाला आमच्या शिक्षणात हे शिकवतातच, तुमची जन्मतारीख रोज विचारणं, दोन चेंबर, दोन माणसांनी प्लॅन तपासणं, हे सगळं असल्याच अनुभवांतून आलंय. नंतर मला रोज जन्मतारीख सांगायचा कंटाळा आला नाही.

मध्ये एकदा मशीन बंद पडलं, आम्ही सगळ्या तासन् तास बसून शेवटी परत गेलो, फोन करून कळवायची तसदी कुणी घेतली नव्हती याचा राग आला तो आलाच. डोसचं म्हणाल तर माझ्या बाबतीत तो दिवस शेवटी जोडला, एखाद्या दिवसाने बिघडत नाही म्हणाले. पण माझ्या शेजारी घशाच्या कॅन्सरचे एक काका होते त्यांना दुसऱ्या मशीनवर हलवून त्याच दिवशी दिलं, कारण त्या ट्यूमरच्या पेशी कोर्स चालू असतानाच जोरात वाढायला लागतात, कोर्स लांबला की डोस वाया गेल्यासारखं होतं. त्यामुळे आपल्या मनाने सुट्टी घेऊ नका, विचारून घ्या.

त्रासाचं सांगते. पहिले काही दिवस काही नाही, मला वाटलं मी सुटले. मग कातडी लालसर, खाज, आणि एक प्रकारचा थकवा जो झोपून जात नाही, थोडं चालून आलं की उलट बरं वाटतं. सगळ्यात जास्त त्रास काखेत आणि स्तनाच्या खालच्या घडीत झाला, आणि त्यालाही कारण आहे. या ताकदीच्या एक्सरेचा डोस कातडीवर कमी असतो, आत दीड सेंटिमीटरवर जाऊन पूर्ण होतो, म्हणून वरची कातडी एरवी वाचते. पण जिथे कातडीवर कातडी पडते तिथे वरची घडी ते दीड सेंटिमीटरचं काम करते आणि खालच्या कातडीला पूर्ण डोस मिळतो. घडी कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला, क्रीम त्यांनी सांगितलेलंच लावा. आणि कोर्स संपला म्हणून खूश होऊ नका, माझी कातडी संपल्यानंतरच्या आठवड्यात सगळ्यात जास्त खराब झाली, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून धीर राहिला.

बूस्ट वेगळाच प्रकार. जिथे गाठ होती तेवढ्याच जागेवर जादा १० ग्रे. ती जागा सापडावी म्हणून सर्जनने ऑपरेशनच्या वेळीच आत बारीक क्लिप्स ठेवल्या होत्या, मला पत्ताच नव्हता. हा डोस इलेक्ट्रॉनने दिला, मशीनला एक चौकोनी नळकांडं लावून ते कातडीच्या अगदी जवळ आणतात. इलेक्ट्रॉन ठराविक सेंटिमीटर आत जाऊन थांबतात, १२ एमईव्हीचे (हे ऊर्जेचं युनिट) साधारण ६ सेंटिमीटर, ९ चे साडेचार, किती खोल हवं त्यावर ताकद निवडतात. त्यामुळे हृदयापर्यंत मामला जातच नव्हता आणि श्वास धरायची गरज नव्हती. इतकी सवय झाली होती की पहिल्या बूस्टला मी आपोआप श्वास धरून बसले, स्पीकरवरून आवाज आला, ताई, श्वास घ्या हो!

शेवटी एक समरी मिळते. ती लॅमिनेट करून ठेवा असं मी म्हणेन, फोनमध्येही फोटो ठेवा. त्यावर एकूण डोस, किती भागांत, कुठली बाजू, कुठली ऊर्जा, सुरू-संपलं तारखा हे सगळं आहे की नाही बघा, कारण पुढे कधी त्याच भागाजवळ पुन्हा रेडिएशन द्यायची वेळ आली तर आधीचा हिशेब वजा करूनच पुढचा डोस ठरतो. माझ्या समरीवर हृदयाचा डोस नव्हता, मी मागून प्लॅनच्या आलेखाची प्रिंट घेतली, नाही म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी फॉलोअपला येताना बीपी आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट आणायला सांगितलेत, ते ७.४ टक्के कशाचे धरायचे ते या आकड्यांवर ठरणार. बीपी माझं आधीपासून थोडं वरच असतं, गोळी आता रोज वेळेवर चालू केलीय.